हायपोकॅलेमियातला 'कॅल' कुणाचा? वैद्यकीय शब्द फोडून वाचताना

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी एक चूक केली. ती वेळेत सापडली नसती तर माझ्या प्रबंधातलं एक आख्खं कोष्टक खोटं ठरलं असतं. आज ती आधी सांगतो, कारण या लेखाचा विषय तिच्यातूनच सुचला.

माझी पदवी संख्याशास्त्राची आणि शाळा मराठी माध्यमाची. सार्वजनिक आरोग्य विषयात पीएचडीला प्रवेश घेतला तेव्हा वैद्यकीय शब्दांशी ओळख जवळपास शून्य. पहिलं काम मिळालं ते अतिसारामुळे रुग्णालयात दाखल झालेल्या प्रौढ रुग्णांचे जुने केसपेपर वाचून त्यातल्या नोंदी ठरावीक रकान्यांत भरण्याचं. संशोधनाच्या भाषेत याला 'कोडिंग' म्हणतात. एकच केसपेपर दोघांनी स्वतंत्रपणे वाचायचा, आपापली फाइल भरायची आणि शेवटी दोन्ही फाइली ताडून पाहायच्या, अशी पद्धत होती.

काम सुरू करण्याआधी मी जिद्दीने वैद्यकीय शब्दांच्या तुकड्यांची एक यादी पाठ केली होती. त्यामुळे केसपेपरवर 'हायपोकॅलेमिया' दिसला तेव्हा कोश उघडलाच नाही. हायपो म्हणजे कमी, एमिया म्हणजे रक्तात, आणि कॅल म्हणजे अर्थातच कॅल्शियम. 'रक्तातलं कॅल्शियम कमी' या रकान्यात खूण केली आणि पुढे गेलो. अशा 14 नोंदी केल्या.

फाइली ताडल्या तेव्हा माझ्या सहकारी मैत्रिणीने त्याच 14 नोंदी 'पोटॅशियम कमी' या रकान्यात टाकलेल्या दिसल्या. मला वाटलं चूक तिची आहे, आणि मी तसं बोलूनही दाखवलं. आम्ही मॅडमकडे गेलो. त्यांनी केसपेपर पाहिला आणि एवढंच विचारलं, "अरे, कॅल्शियम असतं तर मधला 'स' कुठे गेला?"

खरंच, कॅल्शियम कमी असेल तर शब्द होतो हायपोकॅल्सेमिया. हायपोकॅलेमियातला 'कॅल' येतो 'कॅलियम'वरून, आणि कॅलियम हे पोटॅशियमचं लॅटिन नाव. आवर्तसारणीत पोटॅशियमची खूण 'के' का, हे शाळेत सगळ्यांनी घोकलेलं असतं. ते मला तेव्हा आठवलं नाही. जुलाबात शरीरातून पोटॅशियम निघून जातं आणि ते फार कमी झालं तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात. म्हणजे अतिसाराच्या अभ्यासात जी गोष्ट आवर्जून मोजायला हवी, तीच मी दुसऱ्या रकान्यात टाकत होतो.

माझी चूक शब्दाचे तुकडे माहीत नसल्यामुळे झाली नव्हती. अर्धवट माहीत असल्यामुळे झाली होती. म्हणून हे तुकडे शिकायचे कसे, आणि त्यांच्यावर विश्वास कुठपर्यंत ठेवायचा, या दोन्ही गोष्टी आज एकत्र सांगतो.

आधी शेपूट, मग डोकं, मग धड

बहुतेक वैद्यकीय शब्द तीन भागांचे असतात. मधलं धड अवयव किंवा पदार्थ सांगतं, शेपूट म्हणजे प्रत्यय काय झालंय ते सांगते, आणि डोकं म्हणजे उपसर्ग किती, कुठे, कसं ते सांगतं. तिन्ही भाग प्रत्येक शब्दात असतीलच असं नाही.

वाचायला सुरुवात शेपटीपासून करा, कारण शब्द कुठल्या जातीचा आहे ते तिथेच कळतं. 'आयटिस' असेल तर दाह, म्हणजे सूज, लाली, वेदना: हेपॅटायटिस म्हणजे यकृताचा दाह, आर्थ्रायटिस म्हणजे सांध्यांचा. 'अल्जिया' म्हणजे दुखणं, 'युरिया' म्हणजे लघवीशी संबंधित, 'मेगली' म्हणजे आकार वाढणं, 'पेनिया' म्हणजे कमतरता.

आपल्याकडे पावसाळा संपता संपता घरोघरी ऐकू येणारं उदाहरण घेऊ. डेंग्यूच्या रुग्णाच्या कागदावर 'थ्रॉम्बोसायटोपेनिया' लिहिलेलं असतं. शेवटी पेनिया, म्हणजे काहीतरी कमी झालंय. मधे सायटो, म्हणजे पेशी. सुरुवातीला थ्रॉम्बो, म्हणजे रक्ताची गुठळी. जोडून वाचा: गुठळी करणाऱ्या पेशींची कमतरता. शेजारचे काका ज्याला "प्लेटलेट उतरल्या" म्हणतात, तेच हे.

शस्त्रक्रियेच्या तीन शेपट्या शेजारी शेजारी ठेवून शिका, कारण कानाला त्या सारख्याच लागतात. 'टॉमी' म्हणजे नुसता छेद देणं. 'एक्टमी' म्हणजे कापून बाहेर काढणं. 'ऑस्टमी' म्हणजे नवीन तोंड तयार करणं. ग्रीकमध्ये 'स्टोमा' म्हणजे तोंड. थोरॅकॉटमीत छाती उघडतात, अपेंडिसेक्टमीत अपेंडिक्स काढून टाकतात, आणि कोलॉस्टमीत मोठ्या आतड्याला पोटावर वेगळं तोंड करून देतात. तुमच्या विदामध्ये तिन्ही 'शस्त्रक्रिया' या एकाच रकान्यात गेल्या, तर पुढचं विश्लेषण कितीही देखणं असो, उपयोग नाही.

मराठी माध्यमवाल्यांना एक फायदा आहे

'आपलं इंग्रजी कच्चं, आपल्याला हे जमणार नाही' ही भीती मलाही होती. पण हे शब्द मुळात इंग्रजी नाहीतच. बहुतेक ग्रीक आणि लॅटिन आहेत, आणि या दोन्ही भाषा संस्कृतच्या दूरच्या बहिणी लागतात. त्यामुळे काही तुकडे आपल्या तोंडात लहानपणापासून आहेत.

नकाराचा उपसर्ग पाहा. ग्रीकमध्ये व्यंजनाआधी 'अ' आणि स्वराआधी 'अन्' लागतो. आपल्याकडेही तसंच: अज्ञान, अशक्य, पण अनावश्यक, अनुचित. ॲप्निया म्हणजे श्वास थांबणं, अन्युरिया म्हणजे लघवी न होणं. नियम तोच आहे, पाठ करायचं काही नाही.

'डिस' म्हणजे आपला दुस् किंवा दुर्. दुर्गंध, दुष्काळ, दुर्दशा यांत जो अर्थ, तोच डिस्प्नियात: श्वास घ्यायला त्रास. 'पेरी' म्हणजे परि: परिसर, परिघ. पेरिकार्डियम म्हणजे हृदयाभोवतीचं आवरण. 'ऑस्टिओ' आणि अस्थि, 'ओडोंटो' आणि दंत, 'ओनिको' आणि नख, लॅटिन 'नेझो' आणि नासा, या सगळ्या सख्ख्या जोड्या आहेत. हेपॅटायटिसमधला 'हेपार' आणि आपला 'यकृत्' हेसुद्धा एकाच मुळाचे मानले जातात, जरी आज ऐकताना तसं वाटत नाही.

सर्वांत कामाची जोडी हायपो आणि हायपर. यांचे संस्कृत भाऊ आहेत उप आणि उपरि. उपरि म्हणजे वर. 'पर' आणि 'परि' यांचा 'र' लक्षात ठेवला की हायपर म्हणजे वर, जास्त. उरला हायपो, म्हणजे खाली, कमी. डॉक्टरांच्या अक्षरात हे दोन शब्द वेगळे काढणं कठीण जातं. शंका असेल तर शेजारी लिहिलेला तपासणीचा आकडा पाहायचा. आकडा नसेल तर रकाना रिकामा ठेवून 'अस्पष्ट' असं लिहायचं. अंदाजाने भरलेल्या रकान्यापेक्षा रिकामा रकाना कधीही बरा.

एकाच अवयवाला दोन नावं का?

नवख्याला हमखास पडणारा प्रश्न: मूत्रपिंडाचा डॉक्टर नेफ्रॉलॉजिस्ट, मग निकामी होण्याला 'रीनल फेल्युअर' का? फुप्फुसाच्या दाहाला न्यूमोनिया, पण फुप्फुसाच्या रक्तवाहिनीला 'पल्मनरी' का?

याचं उत्तर इतिहासात आहे. युरोपात वैद्यकाची जुनी भाषा ग्रीक. हिपॉक्रेटिसच्या नावावरचे ग्रंथ ग्रीकमध्ये आहेत आणि रोमन साम्राज्यात राहणारा गॅलेनही ग्रीकमध्येच लिहीत होता. रोग आणि उपचार यांची नावं त्यामुळे मोठ्या प्रमाणात ग्रीक राहिली. पुढे शरीररचनेचा अभ्यास लॅटिनमध्ये झाला. वेसालियसचा शरीररचनेवरचा प्रसिद्ध ग्रंथ 1543 साली लॅटिनमध्येच छापला गेला. 1895 साली बासेलमध्ये शरीररचनेच्या नावांची अधिकृत यादी ठरली, तीही लॅटिनमध्ये. म्हणून ढोबळ हिशेब असा: अवयवाचं वर्णन असेल तर बहुधा लॅटिन, आजार किंवा शस्त्रक्रिया असेल तर बहुधा ग्रीक. रीनल-नेफ्रो, पल्मनरी-न्यूमो, क्युटेनिअस-डर्मा. अपवाद भरपूर आहेत, पण दिशा कळायला एवढं पुरतं.

संशोधकाला हे माहीत असणं फार गरजेचं आहे. समजा मूत्रपिंडाच्या आजारांवरचे शोधनिबंध पबमेडवर शोधताय आणि फक्त 'नेफ्रो'वाले शब्द टाकले. ज्या लेखकांनी 'रीनल' किंवा साधं 'किडनी' लिहिलं, त्यांचे निबंध निसटू शकतात. म्हणून ग्रीक, लॅटिन आणि बोलीतला, तिन्ही शब्द 'ऑर'ने जोडून टाकायचे. शिवाय अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनची 'मेश' नावाची विषयशब्दांची यादी आहे. तिच्यातला योग्य शब्दही जोडायचा. ही यादी 1960 पासून चालत आली आहे आणि एकाच कल्पनेची वेगवेगळी नावं एका छत्राखाली आणणं हेच तिचं काम.

शब्दाच्या मुळापुढे तारा लावून शोधायची सोय पबमेडवर आहे. 'नेफ्र'पर्यंत लिहून तारा लावला की त्या मुळाचे सगळे शब्द येतात. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. ताऱ्याआधी किमान चार रोमन अक्षरं लागतात. आणि तारा लावला की पबमेड एरवी आपणहून जे समानार्थी शब्द जोडून देतं, ते त्या शब्दापुरतं बंद होतं. ॲनिमियाचं ब्रिटिश स्पेलिंग वेगळं, अमेरिकन वेगळं. आपल्याकडे दोन्ही चालतात. तारा वापरलात तर दोन्ही स्पेलिंगं स्वतः टाकावी लागतील.

तुकडे कुठे दगा देतात

पहिला दगा दिसायला सारख्या तुकड्यांचा. 'सायटो' म्हणजे पेशी, 'सिस्टो' म्हणजे पिशवी किंवा मूत्राशय. 'कोलो' म्हणजे मोठं आतडं, 'कोले' म्हणजे पित्त. कोलेक्टमीत मोठं आतडं किंवा त्याचा भाग काढतात, कोलेसिस्टेक्टमीत पित्ताशय. डिसफेजिया म्हणजे गिळायला त्रास, डिसफेझिया म्हणजे बोलण्या-समजण्यातला बिघाड. पक्षाघाताच्या रुग्णाच्या कागदावर हे दोन्ही शब्द असू शकतात. आपण देवनागरीत टिपणं काढतो तेव्हा हा धोका वाढतो, कारण रोमन लिपीत वेगळे दिसणारे तुकडे देवनागरीत एकमेकांजवळ येतात. म्हणून टिपण मराठीत काढा, पण मूळ शब्द केसपेपरवर होता तसाच, रोमन अक्षरांत, शेजारी उतरवून ठेवा.

उच्चारही फसवतो. गरोदरपणातल्या तपासणीला सगळे सर्रास 'अँटीनेटल' म्हणतात. 'अँटी' म्हणजे विरुद्ध, आणि हा शब्द तर 'अँटे' म्हणजे आधी यावरून आलाय: जन्माआधीची तपासणी. अँटीबायोटिकमधला अँटी वेगळा.

दुसरा दगा अर्थ बदललेल्या तुकड्यांचा. 'ओमा' म्हणजे गाठ असं यादीत असतं. लायपोमा ही चरबीची साधी गाठ. पण मेलॅनोमा आणि लिम्फोमा हे कर्करोग आहेत, हिमॅटोमा म्हणजे साकळलेलं रक्त, आणि ग्लॉकोमा हा डोळ्याचा विकार, त्यात गाठच नसते. 'फोबिया' म्हणजे भीती खरी, पण फोटोफोबिया म्हणजे उजेड सहन न होणं, उजेडाला घाबरणं नव्हे. 'फिलिया' म्हणजे ओढ, आवड. पण हिमोफिलियात रक्तस्राव लवकर थांबत नाही, आणि इओसिनोफिलिया म्हणजे इओसिन हा रंग धरणाऱ्या पांढऱ्या पेशी वाढणं.

तिसरा दगा इतिहासाचा. काही नावांत जुने गैरसमज तसेच गोठून राहिलेत. मलेरिया म्हणजे इटालियनमध्ये 'वाईट हवा'. 1897 साली सिकंदराबादला रोनाल्ड रॉसने डासाच्या शरीरात मलेरियाचा परजीवी पाहिला, त्यानंतर हवेला दोष द्यायचं कारण उरलं नाही. नाव मात्र राहिलं. 'हिस्टेरो' म्हणजे गर्भाशय. हिस्टरेक्टमीत तो अर्थ बरोबर आहे, पण 'हिस्टेरिया' या शब्दामागे बायकांच्या मानसिक त्रासाचं मूळ गर्भाशयात असतं ही चुकीची समजूत होती. शब्द फोडून शब्दाचा जन्म कळतो, पण त्यावरून आजाराचं कारण कळेलच असं नाही.

दिशा शब्दातून, हद्द व्याख्येतून

चौथी गोष्ट दगा नाही, मर्यादा आहे, आणि संशोधन करणाऱ्यांसाठी सगळ्यांत महत्त्वाची आहे. ॲनिमिया फोडा: अन् आणि एमिया, म्हणजे शब्दशः 'रक्त नाही'. हे अर्थातच कुणाच्या बाबतीत खरं नसतं. रक्तक्षय आहे की नाही हे शब्द ठरवत नाही, हिमोग्लोबिनचा आकडा ठरवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार गर्भवती नसलेल्या प्रौढ स्त्रीमध्ये डेसिलिटरला 12 ग्रॅमपेक्षा कमी आणि प्रौढ पुरुषात 13 ग्रॅमपेक्षा कमी हिमोग्लोबिन असेल तर ॲनिमिया. गर्भवतीसाठी निकष वेगळा.

आता विचार करा. एका अभ्यासात स्त्री-पुरुष दोघांना 12 ची रेषा लावली आणि दुसऱ्यात 12 आणि 13 अशा दोन रेषा लावल्या. दोन्ही निबंधांत शब्द एकच, ॲनिमिया. पण पुरुषांमधलं प्रमाण दोन्हीकडे वेगळं येणार, आणि ते आकडे तुम्ही तसेच शेजारी मांडले तर तुलना चुकणार. 'मेगली' म्हणजे मोठं, पण किती मोठं? 'हायपर' म्हणजे जास्त, पण कशापेक्षा? या प्रश्नाचं उत्तर शब्दात नसतं. ते निबंधाच्या 'पद्धती' या विभागात असतं, आणि नेमका तोच विभाग आपण घाईत ओलांडतो.

मग शिकायचं कसं?

पाचशे तुकड्यांची यादी पाठ करू नका. मी केली, परिणाम वर सांगितलाच आहे. त्याऐवजी आपल्या विषयातले दहा निबंध घ्या आणि त्यांत वारंवार येणारे तुकडेच वेचा. तीस-चाळीस भरतील, तेवढे सुरुवातीला खूप झाले.

वहीत चार रकाने करा: मूळ शब्द, त्याचे तुकडे, माझा अंदाज, आणि कोशातला किंवा निबंधातला अर्थ. तिसरा रकाना चौथ्याच्या आधी भरायचा, आणि चुकला तरी खोडायचा नाही. महिन्याभराने वही चाळली की आपण नेमके कुठे घसरतो ते दिसतं. फसव्या जोड्या एकाच पानावर लिहा: हायपो-हायपर, सायटो-सिस्टो, कोलो-कोले, इंट्रा म्हणजे आत आणि इंटर म्हणजे दोहोंमध्ये. मराठी प्रतिशब्द हवा असेल तर राज्य शासनाच्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश पाहा. सगळेच शब्द रुळलेले नाहीत, पण 'दाह', 'अति', 'अल्प' असे तुकडे मराठीत कसे बसवलेत ते पाहून मूळ शब्द पक्का होतो.

आणि शक्य असेल तिथे दुसऱ्या माणसाकडून स्वतंत्र कोडिंग करून घ्या. दोघांचं कितपत जुळलं हे मोजायला जेकब कोहेनने 1960 साली मांडलेला 'कप्पा' आहे. कप्पा कमी आला तर लाज वाटून घेऊ नका, मतभेद झालेल्या नोंदी घेऊन बसा. माझ्या त्या 14 नोंदी अशाच सापडल्या. मी एकटाच काम करत असतो तर त्या आजही चुकीच्या रकान्यात बसल्या असत्या, आणि मला वाटत राहिलं असतं की मला शब्द फोडता येतात.

ती वही अजून माझ्याकडे आहे. पहिल्या पानावर पहिलाच शब्द हायपोकॅलेमिया आहे, आणि त्याच्या तिसऱ्या रकान्यात माझा तो चुकीचा अंदाज: 'कॅल्शियम कमी'. तुम्हीही आज एक शब्द घ्या, कोश न उघडता फोडा, अंदाज लिहा, आणि मग कोश उघडा. सुरुवातीला 'हायपोनॅट्रेमिया' चालेल. सोडियमची खूण 'एनए' का आहे, तेवढं आठवलं की झालं.